चोवीस पट

आमच्या मामाच्या परड्यात एक जुना लोखंडी चरक पडून आहे. पूर्वी त्याला बैल जुंपून ऊस गाळत. हल्ली त्यावर कोंबड्या बसतात. गेल्या दिवाळीत मामा म्हणाला, "भाच्या, तू बँकेत हायस. ह्यो भंगारात घातला तर किती येतील, सांग की." बँकेतल्या माणसाला भंगाराचाही भाव ठाऊक असतो, हा समज कुठून आला देव जाणे. मी मात्र ऐटीत टेप काढली.

बैल जुंपायच्या दांड्याची लांबी मधल्या रुळाच्या केंद्रापासून ९ फूट, म्हणजे १०८ इंच. रुळाची त्रिज्या साडेचार इंच. भागाकार चोवीस!

शाळेत 'चाक आणि आस' असा एक धडा होता. मोठं चाक, त्याच्या पोटात बारीक आस, दोघं एकदमच फिरणार. चाकाच्या कडेला लावलेला थोडा जोर आसाच्या कडेला भारी होऊन निघणार. चरकात चाक दिसत नाही, कारण ते बैलांनी चालून चालून मातीत काढलेलं असतं. पण फुकट काही नाही. बैलांनी ५६ फुटांचा फेरा मारावा, तेव्हा ऊस आत सरकणार अडीच फुटांहूनही कमी. जोर चोवीस पट जमा, अंतर चोवीस पट नावे. मी बी.कॉम. असल्यामुळे हे मला चटकन पटलं. घर्षण आपली दलाली कापून घेतं, ती निराळीच.

अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं पहिल्या शतकात पाच साधी यंत्रं मोजली, त्यात हे एक. त्याचं पुस्तक आमच्या पंचगंगेकाठी पोचलं नसावं, तरी बैल फिरतच होते. आधी लाकडी घाणे होते. १८७०च्या दशकात बिहारात बेहियाला थॉमसन आणि मिल्न या जोडीनं लोखंडी रुळांचा चरक काढला. पुढं १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथंही चरक होऊ लागले. इकडं शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या ढेपांना हक्काचा बाजार मिळाला. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही लाभलं. तोवर इंजिनं आणि मोटारी येऊन बैल कधीच निवृत्त झाले होते, तेही बिनपेन्शनीचे.

हे सगळं मी मामाला रंगात येऊन सांगत होतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे आबांच्या बोटांवर चोवीस पट आलं व्हतं म्हण की."

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. उंदरानं नेली, असं ते आम्हा पोरांना सांगत. खरं म्हणजे रात्रीच्या पाळीला चरकात ऊस लावताना त्यांना डुलकी लागली होती. बोटांचा जो काय अडथळा झाला असेल, त्याचा चोविसावा हिस्सा बैलांच्या मानेपर्यंत पोचला असेल. त्यांना माशी बसल्यासारखं वाटलं असेल, एवढंच.

"बैलांमागं कोण होतं तेव्हा?" मी विचारलं.

"मीच की. सात वर्सांचा व्हतो. झोप येऊ नये म्हणून गाणं म्हणत व्हतो मोठ्यानं. आबांची हाक ऐकूच आली न्हाई."

मी टेप गुंडाळली. मामानं उगाचच कोंबड्या हाकलल्या. भंगाराचा विषय मग कोणी काढला नाही. निघताना त्यानं गुळाची एक ढेप माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाला, "जड हाय. दोन्ही हातांनी धर."