सरंजामापासून ग्रामसभेपर्यंत : नगर हवेलीच्या कारभाराचा मागोवा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय निवडावा, या हेतूने मी आपल्याच पायाखालच्या भूमीकडे वळलो आहे. राजधान्यांचा इतिहास आपल्याला पाठ असतो. आपल्या गावाचा कारभार कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणासाठी चालविला, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. अथाल हे सिल्वासा-नरोली वाटेवरचे, दमणगंगेच्या काठचे गाव. या नदीने गेल्या अडीच शतकांत किती सत्ता येताना आणि जाताना पाहिल्या, याचा थोडक्यात मागोवा आज घ्यावयाचा आहे.

या कथेचा प्रारंभ एका जहाजापासून होतो. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये 'सांताना' नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या नुकसानीचा वाद पुढे मैत्रीच्या तहात मिटला. १७ डिसेंबर १७७९ रोजी झालेल्या या पुण्याच्या तहान्वये बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांकडे लावून देण्याचे ठरले. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेलीची आणि १७८५ मध्ये दादऱ्याची गावे त्यांच्या हाती गेली. येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. दिला होता तो वसूल. गावाचे उत्पन्न एखाद्यास लावून देणे म्हणजे त्या गावावरील राज्य त्याच्या स्वाधीन करणे नव्हे. मराठी राज्यव्यवस्थेत यालाच सरंजाम म्हणत.

तथापि कागदावरचा भेद व्यवहारात टिकतोच असे नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली. तिच्या जागी आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना येथील सत्ताधीश म्हणूनच वागविले आणि सरंजामदार हळूहळू धनी होऊन बसला. या साऱ्या उलाढालीत वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा या समाजांना कोणी काही विचारल्याची नोंद नाही. तहात त्यांचा उल्लेख झाला तो केवळ उत्पन्नाच्या आकड्याच्या रूपाने.

गोव्याशी तुलना केली असता आपल्या प्रदेशाचे वेगळेपण स्पष्ट होते. गोव्यात पोर्तुगीजांपूर्वीपासून गावकरी संस्था होती. गावची जमीन गावकऱ्यांनी सामायिक राखावी, बांध-बंधारे सांभाळावेत, उरलेल्या उत्पन्नाची वाटणी करावी, अशी तिची रीत होती. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने तिचे रिवाज लेखनिविष्ट केले. परकी राजवटीतही त्या संस्थेचा काही अंश उरला. नगर हवेलीत मात्र जमीन सरकारची, असे गृहीत धरूनच कारभार चालला. १९१९ च्या शेतकी कायद्याने 'अल्वारा' आणि 'तेरेम' या धारणापद्धतींना निश्चित रूप दिले. सरकारी आज्ञेने मोठमोठे भूखंड धारकांना मिळत आणि प्रत्यक्ष नांगर धरणारा आदिवासी त्यांचे कूळ ठरे. कारभारासाठी गावांचे गट, म्हणजे पटेलाद, पाडलेले होते. पण पटेल हा सरकारचा माणूस होता, गावाचा प्रतिनिधी नव्हे. शेजारच्या उंबरगाव-डहाणू भागात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. ते दुःख सरहद्दीपलीकडे जसे होते तसेच अलीकडेही होते.

१९५४ च्या पावसाळ्यात हे चित्र पालटले. २२ जुलै रोजी फ्रान्सिस मास्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केला. २८ जुलै रोजी नरोली मुक्त झाली. पुरात असलेल्या दमणगंगेने काही दिवस वाट अडविली. अखेर २ ऑगस्ट रोजी आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतले. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर ही नावे या प्रसंगाशी निगडित आहेत. संगीतकार सुधीर फडके हेही त्या तुकडीत होते, हे मराठी माणसाला विशेष अभिमानाने आठवते. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो याने ११ ऑगस्ट रोजी उदवे येथे भारतीय पोलिसांपुढे शरणागती पत्करली.

यापुढील सात वर्षे आपल्या इतिहासातील सर्वांत विलक्षण होत. प्रदेश मुक्त झाला होता, पण भारतात सामील झाला नव्हता. या काळात येथील कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. एका चिमुकल्या, बहुसंख्य आदिवासी प्रदेशाचे शासन पंचायत हे नाव धारण करणाऱ्या संस्थेने चालवावे, ही घटना देशाच्या इतिहासातही दुर्मीळ म्हणावी लागेल.

दरम्यान पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. दमणहून या गावांकडे जाण्या-येण्याचा आपला हक्क भारताने हिरावला, अशी तक्रार होती. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड उभे राहिले. आणि काय योगायोग पाहा! १७७९ चा तह आणि पेशव्यांच्या सनदा जागतिक न्यायासनापुढे उलगडल्या गेल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, मराठ्यांनी दिला तो महसूल होता, सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व व्यवहारात मान्य केले होते. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता जाण्या-येण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तो नव्हता; आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असा निर्णय झाला. 'सरंजाम' या जुन्या मराठी शब्दाचा अर्थ दोन शतकांनी सातासमुद्रापार लावला गेला.

१२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. भारत सरकारने पाठविलेले अधिकारी के. जी. बदलानी यांना पंतप्रधान नात्याने करारावर स्वाक्षरी करता यावी म्हणून एका दिवसापुरते ते पद देण्यात आले. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारतीय संघराज्याचा भाग झाला. त्या वर्षीच्या जनगणनेत येथील लोकसंख्या होती ५७,९६३.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक अप्रिय वाटणारी गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या पंचायतीने सात वर्षे राज्य चालविले, तिच्याकडे विलीनीकरणानंतर केवळ चर्चेचा आणि शिफारशीचा अधिकार उरला. निर्णय प्रशासकाचा, सल्ला पंचायतीचा. १ ऑगस्ट १९८९ रोजी ती विसर्जित झाली. याचा अर्थ विलीनीकरणाने काहीच साधले नाही, असा नव्हे. १९६५ च्या विनियमाने ग्रामपंचायतींना कायद्याचा आधार मिळाला. १९६७ मध्ये येथील मतदाराने प्रथमच आपला खासदार निवडला आणि ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने अल्वारा आणि तेरेम यांचा अंत करून कुळाला मालकीची वाट दाखविली. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर निर्वाचित जिल्हा पंचायत आणि अकरा ग्रामपंचायती अस्तित्वात आल्या आणि स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या. २००६ मध्ये सिल्वासा नगर परिषद स्थापन झाली. २६ जानेवारी २०२० पासून आपला प्रदेश दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा घटक आहे.

या काळात समाजही बदलला. मधुबन धरणाच्या जलाशयाखाली गावे गेली आणि तेथील कुटुंबांना आपली शेते सोडावी लागली. करसवलतींमुळे कारखाने आले, देशाच्या सर्व भागांतून कामगार आले. १९९१ मध्ये अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ७९ टक्के होते. २०११ मध्ये ते ५२ टक्क्यांवर आले आणि लोकसंख्या ३,४३,७०९ झाली. नवागताचा द्वेष करणे हा यावरचा उपाय नव्हे. तोही श्रम करूनच येथे राहिला आहे. पण गावाच्या निर्णयात मूळ समाजाचा आवाज क्षीण होणार नाही, याची हमी कोण देणार, हा प्रश्न खरा आहे.

हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा आहे. तलासरी, जव्हार, मोखाडा हे महाराष्ट्रातील आणि धरमपूर हे गुजरातमधील प्रदेश संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत मोडतात. म्हणून तेथील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार दिले. पाचवी अनुसूची राज्यांतील क्षेत्रांपुरती असल्याने केंद्रशासित नगर हवेलीला तो कायदा लागू नाही. एकाच वारली कुळातील दोन भावांपैकी सीमेपलीकडच्या भावाची ग्रामसभा एक अधिकार सांगते आणि अलीकडच्या भावाची तो सांगू शकत नाही. २००६ चा वनहक्क कायदा मात्र येथेही लागू आहे आणि त्यात ग्रामसभेला निश्चित स्थान आहे. जे हाती आहे ते तरी आपण पुरते वापरतो काय?

विद्यार्थी मित्रहो, पुण्याच्या तहात आपले पूर्वज एका आकड्यात सामावले होते. १९६१ च्या ठरावात ते ठराव करणारे झाले. या दोहोंतील अंतर पार करण्यास पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली. ते पुन्हा वाढू द्यावयाचे नसेल, तर वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच ग्रामसभेला जा. अंदाजपत्रक वाचून दाखविण्याचा आग्रह धरा आणि ठरावाखाली सही करण्यापूर्वी तो ठराव वाचा. लिहिलेल्या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम कधी कधी हेगपर्यंत जाते, हे आपण आज पाहिले. तो शब्द प्रथम गावातच नीट वाचला गेला, तर इतक्या दूर जाण्याची वेळ येत नाही. गुरुजींनी आपणांस वाचावयास शिकविले ते याचसाठी, अशी माझी श्रद्धा आहे.