सेवेचें एक वर्ष

जुबिलीच्या वर्षीं देवळाच्या पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा केव्हां आली, कोणते धर्मगुरु किती वर्षें राहिले याची नोंद होते, आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु दप्तरांत न सांपडणारा आणखी एक इतिहास असतो. तारुण्यांतील एखादें वर्ष ज्यांनीं देवाच्या नांवानें परक्यांच्या सेवेंत घालविलें, त्यांच्या पुढील आयुष्याचा तो इतिहास होय. वाचकहो, त्याविषयीं येथें चार शब्द लिहीत आहों.

वर्षाचें हें माप फार जुनें आहे. मठांत येऊं इच्छिणाऱ्याची बारा महिने परीक्षा पाहावी, असा नियम संत बेनेडिक्टानें सहाव्या शतकांत घातला. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं व्रत घेण्यापूर्वीं पूर्ण एक वर्षाची उमेदवारी आवश्यक ठरविली. संत इग्नाशिअसनें येशूसंघाच्या उमेदवारांस एक महिना इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा करावयास लाविलें. त्याच संघाचा संत अलोयशिअस गोन्झागा १५९१ सालीं रोम येथें साथीच्या रोग्यांची सेवा करतां करतां वयाच्या तेविसाव्या वर्षीं मरण पावला.

हे सारे व्रतस्थ. संसारी तरुणांसाठीं असें वर्ष नेमण्याची रीत मात्र फार उशिरां पडली. जर्मनींत नॉयेनडेटेल्साऊ येथील प्रॉटेस्टंट सेवाश्रमाचे प्रमुख हेर्मान डिट्झफेल्बिंगर यांनीं १९५४ सालीं तरुण मुलींस आयुष्यांतील एक वर्ष दीनसेवेस देण्याचें आवाहन केलें. पुढें कॅथॉलिकांनींही तोच मार्ग धरिला, व १९६४ सालीं तेथें त्यासाठीं कायदा झाला. माप आमच्या मठांचें, पुढाकार प्रॉटेस्टंटांचा. हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतील दाखला पाहावयाचा तर डॉक्टर रजनीकांत व डॉक्टर मेबल आरोळे यांचा पाहावा. खेड्यांतील गरिबांसाठीं आयुष्य वेंचूं, अशी प्रतिज्ञा या ख्रिस्ती दांपत्यानें लग्नाच्या दिवशीं केली होती. नगर जिल्ह्यांतील वडाळा येथील मिशन रुग्णालयांत कांहीं वर्षें काम केल्यावर त्यांस कळून आलें कीं, बरा होऊन घरीं गेलेला रोगी तोच रोग घेऊन परत येतो. कारण पाणी तेंच, उपासमार तीच. मग ते आरोग्यशास्त्र शिकावयास अमेरिकेस गेले. प्रश्न आधीं पडला, पुस्तक मागाहून उघडलें, हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. १९७० सालीं त्यांनीं जामखेड येथें काम आरंभिलें आणि अल्पशिक्षित, कित्येकदां निरक्षर, अशा खेडवळ स्त्रियांस आरोग्यसेविका केलें. १९७९ सालीं उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

तशाच गांवकरी स्त्रियांवर विश्वास टाकणारें दुसरें काम धाराशिव जिल्ह्यांत, तुळजापूर तालुक्यांतील अणदूर येथें उभें राहिलें. डॉक्टर शशिकांत व डॉक्टर शुभांगी अहंकारी यांची हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था तेथें १९९३ पासून काम करूं लागली. तिनें शिकविलेल्या गांवच्या स्त्रियांस 'भारतवैद्य' असें भारदस्त नांव आहे. ही संस्था ख्रिस्ती नव्हे. पण प्रभूनें दाखल्यांत ज्याचें उदाहरण दिलें तो शोमरोनीही परकाच होता.

त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. देशभरांतून मदतीस माणसें धांवून आलीं व पुष्कळ जण थोड्याच दिवसांत परतलीं. त्यांस नांवें ठेवावयाचीं नाहींत. पण थोड्या दिवसांत गांव कळत नाहीं. या मुलुखांत दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या जोडीसच तेथें 'कोयता' म्हणतात. पौषांत आलेल्यास दारांत म्हातारा आणि नातवंड दिसेल, ज्येष्ठांत आलेल्यास पेरणीची उसनवारी. अणदूरचा खंडोबासुद्धां वर्षांतील कांहीं काळ नळदुर्गास मुक्कामाला जातो! सारे ऋतु पाहिल्यावांचून गरिबीचें एकच तोंड दिसतें, आणि तेवढें पाहून परतलेला माणूस कधीं कधीं उपकारकर्त्याचा ताठा घेऊन परततो. बारा महिन्यांत तो ताठा बहुधा उतरतो, कारण तोंवर त्या गांवानेंच त्यास दहादां जेवूं घातलेलें असतें.

पुढें तो खेड्यांतच राहील असें नाहीं. बहुतेक घरीं येतात, नोकरी धरतात, संसार करतात. पण कचेरींत बसलेल्या अशा माणसास, दारांत उभ्या असलेल्या बाईला "उद्यां या" म्हणतांना जीभ अडखळते. पंधरा कोस चालून आलेल्याचा 'उद्यां' म्हणजे काय, हें त्यानें पाहिलेलें असतें. शिक्षिका झालेली मुलगी दिवाळीनंतर रिकाम्या झालेल्या बांकाकडे पाहून हजेरींत नुसती फुली मारीत नाहीं; पोर कोणत्या फडावर गेलें, याची चौकशी करते.

आपल्या धर्मग्रामांतून असें वर्ष देऊन आलेलीं माणसें आजही रविवारीं मिस्सेस आपल्याच शेजारीं बसतात. त्यांस एकदां विचारावें. बहुधा तीं स्वतः काय केलें तें सांगणार नाहींत. ज्या घरीं राहिलीं, त्या घरच्या म्हातारीची गोष्ट सांगत बसतील.