सिद्ध कोणी करायचे?

समुद्रातून किती काढावे हे शास्त्रज्ञांना विचारून ठरवावे, याला आज उघडपणे कोणी विरोध करत नाही. खरा वाद सुरू होतो तो शास्त्रज्ञांचे उत्तर अपुरे असते तेव्हा, आणि समुद्राबाबत ते नेहमीच अपुरे असते. पाण्याखालचे जीव मोजता येत नाहीत, फक्त त्यांचा अंदाज बांधता येतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराचा गेल्या शतकाचा इतिहास मला म्हणूनच मोलाचा वाटतो. शंका उरली तर तिचा फायदा जहाजाला द्यायचा की समुद्राला, हे जिथे आधी ठरले होते तिथे शास्त्रज्ञांचा सल्ला टिकला. जिथे ते ठरले नव्हते तिथे अचूक सल्लाही वाया गेला.

देवमाशांच्या बाबतीत ज्ञान कमी पडले असे म्हणता येणार नाही. साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन येथे १९०४ मध्ये शिकारीचे केंद्र उभे राहिले आणि १९२५ पासून ब्रिटिशांच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमांतले जीवशास्त्रज्ञ तिथेच, फाडायला ओढून आणलेल्या देवमाशांची लांबी, गर्भाशये आणि पोटातले अन्न तपासू लागले. या संशोधनाचा खर्च देवमाशाच्या तेलावरच्या करातून भागवला जाई. १९४६ च्या करारातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग आला, पण त्याचा कोटा ‘निळा देवमासा एकका’त मोजला जाई: एक निळा किंवा दोन फिन किंवा अडीच हंपबॅक किंवा सहा सेई. सगळ्या जाती एकाच वजनकाट्यावर टाकल्यामुळे कप्तानाला आधी सर्वात मोठा, म्हणजे सर्वात दुर्मीळ होत चाललेला प्राणी मारणेच परवडे. १९६० मध्ये आयोगाने अंटार्क्टिकात शिकार न करणाऱ्या देशांतून के. आर. ॲलन, डग्लस चॅपमन आणि सिडनी होल्ट या तिघांना गणित मांडायला सांगितले; पुढे जॉन गलंड त्यांना येऊन मिळाले. निळ्या आणि हंपबॅक देवमाशांना पूर्ण संरक्षण द्या आणि फिनची शिकार मोठ्या प्रमाणात कमी करा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. १९६३-६४ च्या हंगामात सुमारे १४,००० फिन देवमासे हाती लागतील असे त्यांचे भाकीत होते, आणि प्रत्यक्ष शिकार त्याच्या अगदी जवळ आली. तरीही १९६४ मध्ये कोट्यावर एकमत झाले नाही. ज्याला निर्णय पटला नाही त्या देशाला हरकत नोंदवून मोकळे होण्याची सोयही करारातच होती. त्यात १९९३ मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी उघड केले की सोव्हिएत ताफ्यांनी प्रचंड शिकार दडवली होती. दक्षिण गोलार्धातच तो आकडा सुमारे एक लाख देवमाशांचा निघाला. म्हणजे शास्त्रज्ञांना चुकीचे आकडे मिळत होते, आणि त्यातूनही त्यांनी काढलेला बरोबर निष्कर्ष कोणी पाळत नव्हते.

देवमासे संपत आले तसे मोठे ताफे माशांकडे वळले. १९६९-७० च्या एका हंगामात साउथ जॉर्जियाभोवती सोव्हिएत ट्रॉलर्सनी सुमारे चार लाख टन मार्बल्ड रॉककॉड काढला, पुढच्या हंगामात सुमारे एक लाख टन, आणि त्यानंतर जाळी रिकामी येऊ लागली. पाठोपाठ क्रिल आले. जवळ्यासारखा दिसणारा, जेमतेम सहा सेंटिमीटरचा हा जीव देवमासे, सील आणि पेंग्विन या सगळ्यांचे मुख्य अन्न आहे. ते संपले तर त्यावर जगणारे सगळेच संपतील, ही भीती खरी होती. म्हणूनच अंटार्क्टिक करारातल्या देशांनी २० मे १९८० रोजी कॅनबेरात सागरी सजीव संपत्तीच्या संवर्धनाचा करार केला. तो ७ एप्रिल १९८२ रोजी लागू झाला आणि तो राबवणाऱ्या आयोगाचे कार्यालय टास्मानियातल्या होबार्ट शहरात आले. कराराच्या दुसऱ्या कलमात मासेमारीला परवानगी आहे, पण अटींवर: पकडल्या जाणाऱ्या जातीसोबत तिच्यावर जगणाऱ्या जातींचाही विचार व्हावा, आणि दोन-तीन दशकांत भरून येणार नाही असा बदल समुद्रात होऊ देऊ नये. स्वतंत्र वैज्ञानिक समिती नेमून तिच्या शिफारशींची पूर्ण दखल घेण्याचे बंधनही या नव्या आयोगावर घातले गेले.

मात्र कागदावर उदात्त कलम लिहिले म्हणून समुद्रावर फरक पडला नाही. पहिले दशक जवळपास जुन्याच वळणाने गेले. मार्बल्ड रॉककॉडच्या मासेमारीवर १९८५ मध्ये बंदी आली, तेव्हा पकडण्यासारखे फारसे उरले नव्हते. साठा खरोखर घटला आहे हे आधी सिद्ध करा, अशी मागणी मासेमार देश करत आणि ते सिद्ध करायला लागणारे तपशीलवार आकडे त्यांच्याच ताब्यात असत. १९९१ मध्ये हे उलटले. नवीन मासेमारी सुरू करायची असेल तर आयोगाला आधी कळवा, आणि माहिती जमण्याच्या वेगापेक्षा मासेमारीचा वेग वाढू देऊ नका, असा नियम झाला. माझ्या मते दक्षिण महासागराच्या इतिहासातले सर्वात महत्त्वाचे पाऊल हेच, कारण त्याने सिद्धतेचा भार जहाजावर टाकला.

क्रिलसाठी समितीने याच सुमारास जे सूत्र घडवले ते नीट पाहण्यासारखे आहे. संगणकावर वीस वर्षांचा काळ शेकडो वेळा फिरवून पाहायचा. अंडी घालणारा साठा मूळ पातळीच्या वीस टक्क्यांखाली जाण्याची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक होता कामा नये, ही पहिली कसोटी. दुसरी कसोटी अशी की, काळाअखेर मूळ साठ्याचा पंचाहत्तर टक्के भाग पाण्यात शिल्लक असावा. हा पंचाहत्तरचा आकडा कुठल्याही प्रयोगातून निघालेला नाही. फक्त क्रिलचाच विचार केला तर पन्नास टक्के शिल्लक ठेवणे पुरेसे मानले जाई. पेंग्विन आणि सीलसाठी काहीच काढायचे नाही म्हटले तर शंभर. समितीने यांचा मध्य घेतला आणि तसे उघडपणे सांगितले. दोन कसोट्यांपैकी जिचे उत्तर कमी येईल ते पाळायचे. पेंग्विनला नेमके किती क्रिल लागते हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाची किंमत कोण मोजणार हे मात्र आकडे हाती येण्याआधीच ठरले.

लांब दोरीला हजारो गळ लावून टूथफिश पकडणाऱ्या जहाजांच्या बाबतीतही असेच घडले. बुडण्याआधीच्या क्षणी गळाला लावलेल्या आमिषावर अल्बट्रॉस आणि पेट्रेल झडप घालत आणि गळात अडकून बुडत. साउथ जॉर्जियाच्या परिसरात १९९६-९७ च्या हंगामात सुमारे ५,७०० पक्षी मेल्याचा अंदाज निघाला. समितीच्या गटाने सुचवलेले उपाय साधे होते: दोऱ्या रात्री सोडा, त्यांना वजन बांधा, जहाजामागे फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी ओढा आणि पिल्ले वाढवण्याच्या काळात मासेमारी बंद ठेवा. प्रत्येक जहाजावर निरीक्षक असल्याने पाळले काय आणि पाळले नाही काय हे दडवता येत नव्हते. पुढच्याच हंगामात आकडा काहीशेवर आला आणि काही वर्षांत दोन अंकी झाला. देवमाशांच्या काळात हे आकडेच तर खोटे होते.

यावर मासेमारी करणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे. २००० च्या मोठ्या सर्वेक्षणाचे आकडे पुढे तपासून नैऋत्य अटलांटिकात सुमारे सहा कोटी टन क्रिल असल्याचा अंदाज काढण्यात आला. त्यातले काही लाख टन काढले तर एक टक्क्याच्या आसपास. मग इतका बाऊ कशाला? आकडा खरा आहे, निष्कर्ष नाही. जहाजे सहा कोटी टनांवर पसरलेली नसतात. जिथे थवे दाट, तिथे ती जमतात, आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतच्या त्या पट्ट्यातच पिल्लांना भरवणारे पेंग्विन उतरतात. पिल्लू घरट्यात असताना पेंग्विन शेकडो किलोमीटर दूर जाऊ शकत नाही. २००९ मध्ये क्रिल पकडण्याच्या मर्यादेची वेगवेगळ्या उपक्षेत्रांत वाटणी झाली ती याच कारणाने.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. समितीवरचे शास्त्रज्ञ आपापल्या सरकारांनीच पाठवलेले असतात. मग त्यांना तटस्थ कसे म्हणावे? सगळेच तटस्थ नसतात, हे मान्य करावे लागते. २०१३ मध्ये ब्रेमरहाफेनच्या खास बैठकीत रशियाने सागरी संरक्षित क्षेत्रे जाहीर करण्याच्या आयोगाच्या अधिकारावरच प्रश्न उभा केला. रॉस समुद्रातले १५.५ लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र २०१६ मध्ये मंजूर झाले, तेही पस्तीस वर्षांच्या मुदतीवर. पूर्व अंटार्क्टिक आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव रशिया व चीन यांच्या विरोधाने रखडले आहेत. इथले निर्णय सर्वसंमतीने होतात, त्यामुळे एक देशही सगळे थांबवू शकतो. तरी सर्वसंमतीलाच दोष देणे मला पटत नाही. देवमाशांच्या आयोगात बहुमत होते, पण न पटलेला देश हरकत घेऊन निघून जात असे. इथे नियम सर्वांच्या संमतीनेच होतो, त्यामुळे तो सहसा सर्वांना बांधतो. म्हणून मासेमारी न करणाऱ्या देशांचे मतही महत्त्वाचे ठरते. भारत १९८६ पासून या आयोगाचा सदस्य आहे, गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र दक्षिण महासागराच्या मोहिमा चालवते, आणि पूर्व अंटार्क्टिक क्षेत्राच्या प्रस्तावाला भारताने २०२१ मध्ये पाठिंबा दिला.

सर्वसंमती एखादा नियम रोखू शकते, तशी ती त्याला मुदतवाढ मिळू न देता संपवूही शकते. २००९ ची उपक्षेत्रांची वाटणी २०२४ मध्ये अशीच संपली. उरली ती १९९१ मधली ६,२०,००० टनांची जुनी मर्यादा. तीसुद्धा क्रिलच्या जीवशास्त्रातून निघालेली नाही. प्रत्येक उपक्षेत्रात तोवर निघालेल्या सर्वाधिक क्रिलची ती जवळपास बेरीज आहे आणि तात्पुरती म्हणून घालून दिलेली होती. २०२५ च्या हंगामात जहाजे पहिल्यांदाच त्या मर्यादेला भिडली आणि ऑगस्टमध्ये मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली.