सहा कलदार, सात हाली

वऱ्हाडात जुन्या घरी चांदीचे रुपये वर्षातून एकदाच उजेडात येतात, लक्ष्मीपूजनाला. चिंचेनं घासायचे, पाटावर मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं आणि पुन्हा फडक्यात बांधून कपाटात. एरवी त्यांच्यावर काय लिहिलंय हे कोणी वाचत नाही. वाचायची वेळ येते ती घरातलं मोठं माणूस गेल्यावर, वाटणी करताना. आमच्याकडेही तेच झालं. आजी गेली, आणि परतवाड्याच्या घरातला तिचा पितळी डबा अमरावतीला माझ्याकडे आला. का, तर "पोरगी शिकली हाये, तिले समजते." डब्यासोबत अजयमामाचा प्रश्नही आला : "पाहून सांग बरं, याचे किती येतीन?"

मामाचा प्रश्न लोभाचा नव्हता. कापसाचं वर्ष वाईट गेलं होतं आणि सोसायटीचं कर्ज होतं. डब्यात ४७ नाणी होती : १९ चांदीचे कलदार, ६ चारमिनारवाले रुपये, ९ तांब्याची जाड ढबू नाणी, १२ किरकोळ भोकाचे पैसे आणि नये पैसे, आणि एक रामदरबार. मला नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून ऑनलाइन दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा वजनकाटा मागवला, एक भिंग घेतलं आणि बसले.

नवख्या माणसाचा पहिला मित्र हा काटाच. कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम भरायला हवं, म्हणजे बरोबर एक तोळा. हा योगायोग नाही. कंपनी सरकारनं तोळा आणि रुपया एकाच मापाला बांधले होते. आपल्या जुन्या बायका 'रुपयाभार' म्हणतात तो यातूनच आला. कलदार म्हणजे कळीचा, यंत्रावर पाडलेला. कड एकसारखी, गोल अगदी गोल. १८३५ पासून असे रुपये सगळ्या ब्रिटिश मुलखात एकाच मापाचे निघू लागले. त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० मध्ये, महायुद्ध सुरू झाल्यावर, हे प्रमाण थेट ५० टक्क्यांवर आलं. म्हणून सराफ रुपया हातात घेतला की आधी साल बघतो.

आमच्या १९ पैकी ११ राणीछाप. 'व्हिक्टोरिया क्वीन' असेल तर १८७६ किंवा आधीचं, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ नंतरचं; इंग्रजी वाचता येणाऱ्याला एवढं पुरतं. त्यातल्या चारांवर १८६२ साल होतं. दीडशेहून जास्त वर्षं जुनं म्हटल्यावर मामाचे डोळे चमकले, पण १८६२ हा सगळ्यात फसवा आकडा आहे. टांकसाळीनं १८७४ पर्यंत तेच साल छापणं चालू ठेवलं होतं, त्यामुळे हे रुपये पैशाला पासरी मिळतात. नाण्याची किंमत वयावर ठरत नाही. किती पाडली, किती उरली आणि किती जणांना हवी आहेत, यावर ठरते. १९३९ चा रुपया १८६२ च्या मानानं पोरसवदा, पण तो फार थोडा बाहेर आला, म्हणून संग्राहक त्याच्यामागे लागलेले असतात. आणि म्हणूनच तो दिसला की आधी संशय घ्यायचा, कारण सालाचा आकडा कोरून बदललेले नकली रुपये बाजारात भरपूर आहेत.

१९११ चा रुपया निघाला असता तर मजा आली असती. पाचव्या जॉर्जच्या पोशाखावरच्या साखळीत एक हत्ती आहे; पहिल्या वर्षी तो असा काही कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारनं उरलेली नाणी वितळवली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. आमच्याकडे मात्र सोंडवालेच.

आता रामदरबार. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८. तुमच्या व्हॉट्सअॅपवरही याचा फोटो येऊन गेला असेल. मामाला एका व्हिडिओवाल्यानं याचे सात लाख सांगितले होते. आधी फक्त 'रजिस्ट्रेशन'चे २१०० रुपये भरायचे होते. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. (मद्रासकडच्या कंपनीच्या सोन्याच्या पॅगोड्यावर विष्णू होता, ती गोष्ट वेगळी.) ही देवस्थानांबाहेर विकली जाणारी टिकली आहे. हिच्याच भावंडांना तांदूळ ओढणारं नाणं म्हणून विकणारे महाभागही आहेत. कुठल्याही खऱ्या नाण्याला तांदूळ चिकटत नाही. २०१२ सालच्या वैष्णोदेवीच्या नाण्याचंही तेच. ते खरं आहे, पण लाखांचं नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आमच्या नावानं कोणी फी किंवा कमिशन मागत असेल तर ती फसवणूक आहे, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं. मामाचे २१०० रुपये वाचले. माझ्या मते डब्यातली पहिली कमाई हीच.

मग चारमिनार. या सहा नाण्यांवर उर्दू अक्षरं आणि मध्ये चार मनोरे. मामा म्हणाला, सन ब्याण्णवचं दिसते. आकडा खरंच ९२ आहे, पण तो सन नाही. अक्षरांना अंक देण्याच्या अबजद पद्धतीत 'मुहम्मद' या नावाची बेरीज ९२ होते. निजामाच्या नाण्यांवर तो आकडा नेहमी असतो. खरं साल वेगळं शोधावं लागतं, आणि ते हिजरी. तिथे आपल्याला आपलंच शून्य फसवतं : उर्दूतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. हिजरी सालाला ०.९७ नं गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन साधारण हाती येतो. आमच्या एका रुपयावर १३३० निघालं, म्हणजे १९१२ च्या आसपास. पडताळा चारमिनारच्या दारात होता. महबूब अली खानाच्या काळातल्या नाण्यांवर त्या कमानीत 'मीम' हे अक्षर असतं, आणि १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खानाच्या नाण्यांवर 'ऐन'. आमच्या दारात ऐन होता. भिंगातून तो दिसला तेव्हा मी एकटीच हसले.

हा हाली सिक्का. वजन ११.१८ ग्रॅमच्या जवळ, चांदी ८१.८ टक्के. बाजारात साध्या हाली रुपयाला फार भाव नाही. चांदीच्या मोलाच्या थोडं वर, बस. पण मला तो सगळ्या डब्यात जास्त बोलका वाटला. सहा कलदारांची शुद्ध चांदी होते ६४.१ ग्रॅम. सात हालींची होते ६४ ग्रॅम. आणि दोन चलनांचा ठरलेला भावही तोच होता : सहा कलदारांना सात हाली. शंभर वर्षांपूर्वीच्या कोण्या व्यापाऱ्याचा हिशोब मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करून पाहिला आणि तो जुळला.

पण आमच्या परतवाड्यात हाली आला कुठून? वऱ्हाड नावाला निजामाचं, पण १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं त्यांनी तो घेऊन टाकला. म्हणजे इथे कलदार चालायचा. पैनगंगेच्या पल्याड निजामाचं राज्य आणि हाली. आजीचं माहेर हिंगोलीकडचं, लग्न १९५१ चं. हैदराबादचं चलन त्याच सुमारास नव्यानं काढणं बंद झालं. पूर्ण रद्द झालं ते १९५९ मध्ये. तिच्या पदराला बांधून दिलेले हे रुपये नदी ओलांडून आले तेव्हाच त्यांचं दुकानातलं आयुष्य संपत आलं होतं. तिनं ते मोडले नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ते तिचे होते, घरचे नव्हते." हे वाक्य कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडणार नाही.

तांब्याच्या नऊ नाण्यांनी मला खरा घाम फोडला. ही हातानं ठोकलेली. साचा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे मजकुराचा एक कोपराच नाण्यावर उतरतो. दोन मात्र देवनागरी निघाली : 'राजा' आणि 'पति' एवढी अक्षरं. ही शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. दोन आडव्या रेघा असल्या तर दुदांडी, म्हणजे महाराजांच्या नव्हे, बहुधा पेशवाईच्या काळातली. शिवराई इतकी लोकांच्या अंगवळणी पडली होती की महाराजांनंतर दोनशे वर्षं ती कुठे ना कुठे चालतच राहिली. बाकीच्या सातांवर फारसी. त्यांतली काही एलिचपूरची, म्हणजे आपल्या अचलपूरची असावीत. तिथे मोगलांची आणि पुढे निजामाची टांकसाळ होती. परतवाडा-अचलपूर हे जुळं गाव. आजीचं नाणं कदाचित चार मैलांचाही प्रवास न करता डब्यात येऊन पडलं असेल.

इथे वऱ्हाडचा इतिहास थोडा लागतो. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम दख्खनचा धनी झाला. पाठोपाठ नागपूरकर भोसले आले, आणि एकाच गावच्या महसुलाचे दोन वाटेकरी झाले. याला दुअंमली म्हणत. ती मोडली १८०३ मध्ये, आडगाव आणि गाविलगडच्या लढाया भोसले हरले तेव्हा. गंमत नाण्यांवर आहे. निजाम १८५८ पर्यंत दिल्लीच्या बादशहाच्या नावानं नाणी पाडत होता. भोसल्यांचे रुपये अहमदशहा बादशहाच्या नावाचे. कंपनीसुद्धा १८३५ पर्यंत शाहआलमचं नाव वापरत होती. सारा घेणारे तिघे, नाव चौथ्याचं, आणि त्या चौथ्याच्या हातात काही उरलेलं नाही. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात, पण ती कुऱ्हाड कोणाच्या हातात होती हे नाण्यावर बादशहाचं नाव वाचून कळत नाही. ते टांकसाळीचं नाव आणि बारीक खुणा वाचून कळतं, म्हणजे नाण्याचा जो भाग बहुतेक वेळा कापला गेलेला असतो तो.

म्हणून नाणं कुठं सापडलं ही माहिती कधीकधी नाण्याहून मोलाची ठरते. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या (आता वाशिमच्या) तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. दीड हजाराच्या आसपास नाणी. सोनं नाही, चांदी नाही. पोटिन, म्हणजे तांबं-कथिलाची स्वस्त मिश्र धातू. सोंड वर केलेला हत्ती, त्याच्या वर ब्राह्मीत राजाचं नाव, मागे अधिकाच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळं. मोडीत घातली असती तर चार घागरींचे पैसे आले नसते. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती एकेक वाचली. त्यांत गौतमीपुत्र सातकर्णी होता, पुळुमावी होता, आणि कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णीही होते, ज्यांची नावं पुराणांतल्या राजांच्या यादीत नाहीत. राजे परत मिळाले ते वऱ्हाडच्या मातीतल्या चिल्लरीतून. साठा एकत्र राहिला म्हणून हे झालं. तीच नाणी दहा गावांच्या दहा सराफांकडे विखुरली असती, तर कोण कोणाच्या जवळचा हे कळायला मार्ग नव्हता.

शेतात जेसीबी लागला की आजही गाडगं फुटतं, आणि रात्रीतून ते वाटलं जातं. कायदा १८७८ चा आहे : जमिनीत दडलेला ठेवा १० रुपयांहून जास्त मोलाचा असेल तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचा. ती १० रुपयांची मर्यादा वाचून हसू येतं, पण लोक कळवत नाहीत याचं कारण भीती आहे, आणि ती भीती मला अगदीच खोटी वाटत नाही. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतात. घरात ठेवायला बंदी नाही, देशाबाहेर न्यायला आहे.

अमरावतीच्या सराफ्यात एका वयस्कर काकांना मी कलदार दाखवले. त्यांनी चांदीचा भाव सांगितला आणि विचारलं, "आटवायचे आहेत का, बाई?" आवाजात काही वाईट नव्हतं. त्यांच्याकडे रोज असे डबे येतात. नाण्यांना दिवाळीच्या चिंचेनं आलेली झळाळी बघून मात्र म्हणाले की संग्राहक असं घासलेलं घेत नाही, त्याला वरचा काळा थर हवा असतो. म्हणजे आजीनं सत्तर दिवाळ्या मन लावून भाव पाडला होता.

अजयमामाला मी कागदावर हिशोब दिला. १९ कलदारांपैकी १६ अगदी सामान्य, चांदीच्या भावानं विकायला हरकत नाही. उरलेल्या तिघांची छाप चांगली टिकली आहे, ते लिलाववाल्यांना फोटो पाठवून विचारून मग. हालीचे सहा विकून फारसं काही येणार नाही, शिवराईचे काहीशे रुपये येतील. मामानं कागद दोनदा वाचला. १६ कलदार त्यानं नेले, आणि सोसायटीचा एक हप्ता भरला. हालीचे सहा आईकडे ठेवले. प्रत्येक नाण्याला मी कागदाचं पाकीट केलंय. वर वजन, साल आणि 'कुठून आलं' हा रकाना. सहांवर हिंगोली लिहिलंय. फारसीवाल्या सात तांब्याच्या नाण्यांचे फोटो घेतलेत. नाशिकजवळ आंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, दिवाळीनंतर तिकडे जायचं ठरलंय.