ओव्याचे तेल व थायमॉल

ओव्याचे तेल व थायमॉल : ओवा (ट्रॅकिस्पर्मम अम्मी, कुल–अंबेलिफेरी) या लागवडीतील वनस्पतीच्या बियांपासून काढलेले बाष्पनशील (सहज उडून जाणारे) तेल व त्यातील प्रमुख स्फटिकी घटक. व्यवहारात ज्याला बी म्हणतात ते वस्तुतः शुष्क फळ असून तेल त्याच्या भित्तीतील सूक्ष्म नलिकांत असते. कुटलेल्या ओव्यातून पाण्याची वाफ सोडून ऊर्ध्वपातन केल्यास साधारणपणे २ ते ४ टक्के तेल मिळते. त्यात सु. ३५ ते ६० टक्के थायमॉल असून उरलेला भाग मुख्यत्वे पॅरासायमीन, गॅमा टर्पिनीन इ. हायड्रोकार्बनांचा असतो.

थायमॉल (C₁₀H₁₄O) हे फिनॉल वर्गातील संयुग असून ते सु. ५०° से. तापमानास वितळते. बर्लिनमधील कास्पार नॉइमान यांना १७१९ मध्ये ते थाइम या यूरोपीय वनस्पतीच्या तेलात आढळले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लालमां यांनी १८५३ मध्ये त्याचा अभ्यास करून त्यास सांप्रतचे नाव दिले. भारतात मात्र हा पदार्थ वेगळ्या नावाने परिचित होता. तेल थंड झाल्यावर त्यातून साकळणारे स्फटिक पुणे व दख्खनमधील इतर गावांच्या दुकानांत ‘ओव्याचे फूल’ (अजवायन का फूल) म्हणून विकले जात. हे फूल म्हणजेच थायमॉल होय, हे स्टेनहाउस (१८५५) व हेन्स (१८५६) यांनी दाखवून दिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थायमॉलाचे जंतुनाशक गुण ज्ञात झाले. १८८० च्या सुमारास इटालियन वैद्य बोत्सोलो यांनी अंकुशकृमी रोगावर त्याचा उपयोग सुरू केला. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातील अंकुशकृमी निर्मूलन मोहिमेतही (१९०९–१४) ते मुख्य औषध होते. या मागणीमुळे भारतीय ओवा मोठ्या प्रमाणावर जर्मनीस जाऊ लागला व तेथील कारखान्यांत त्यापासून थायमॉल तयार होऊ लागले.

बाजारातील फूल व कारखान्यातील थायमॉल यांमधील फरक पदार्थाचा नसून पद्धतीचा होता. तेल नुसते थंड केल्यास थायमॉलाचा एक भागच साकळतो व उरलेले तेलातच विरघळलेले राहते. फिनॉल सौम्य अम्लधर्मी असल्यामुळे ते दाहक सोड्याच्या विद्रावात विरघळते, हायड्रोकार्बने विरघळत नाहीत. हा विद्राव वेगळा करून त्यात अम्ल मिसळले की जवळजवळ सर्व थायमॉल परत मिळते. उरलेली हायड्रोकार्बने स्वस्त साबणांना वास देण्यास उपयोगी पडत. अशा रीतीने कच्चा माल व स्फटिकांचा परिचय या दोन्ही गोष्टी भारतात असूनही मूल्यवृद्धी परदेशात होत राहिली.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मनीशी असलेला व्यापार थांबला व थायमॉलाची टंचाई होऊन भाव चढले. तेव्हा भारतातच त्याचे उत्पादन सुरू झाले आणि बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत निष्कर्षणाच्या पद्धतीवर संशोधन झाले. परंतु ही संधी अल्पकालीन ठरली. दोन महायुद्धांच्या दरम्यान मेटाक्रेसॉलापासून थायमॉलाचे संश्लेषण व्यापारी प्रमाणावर होऊ लागले. अंकुशकृमी रोगावरही कार्बन टेट्राक्लोराइड (१९२१) व त्यानंतर इतर औषधे आली. त्यामुळे ओव्यापासून थायमॉल काढणे परवडेनासे झाले.

ओव्याची लागवड आजही राजस्थान व गुजरातमध्ये प्रामुख्याने होते. परंतु ती मुख्यतः मसाला व घरगुती औषध यांकरिता होय. कापूर व पुदिन्याचे फूल यांच्याबरोबर घोटले असता द्रवरूप होणारे ओव्याचे फूल अद्यापि विकले जाते. मात्र त्या नावाने मिळणारे स्फटिक पुष्कळदा ओव्यातून नव्हे, तर क्रेसॉलापासून आलेले असतात.