यवतमाळ जिल्ह्यातील गारपिटीचा अंदाज
यवतमाळ जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. येथे आकाशातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपाने, मुख्यतः हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या तोंडावर. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे उंचावर थंड हवा पसरते. तिच्याखाली बंगालच्या उपसागरावरील बाष्प आले की विदर्भावर गडगडाटी ढग तयार होतात. हे विक्षोभ उपग्रहचित्रांत काही दिवस आधीच दिसतात. त्यामुळे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे नागपूर येथील प्रादेशिक केंद्र जिल्ह्यासाठी पिवळा किंवा नारिंगी इशारा वेळेत देऊ शकते. मात्र गारा नेमक्या कोणत्या गावशिवारावर पडतील, हे ढग उभा राहिल्यानंतरच उमगते. नागपूरच्या डॉप्लर रडारच्या लहरी मोठ्या गारांवरून जोरकसपणे परततात. ढगाची तीव्रता व दिशा त्यावरून ठरवून पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज वर्तवला जातो. तेवढ्या अवधीत कापलेला हरभरा ताडपत्रीखाली झाकता येतो, गुरे गोठ्यात नेता येतात. शेतातील उभा गहू वाचवता येत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात सुमारे दोन आठवडे अधूनमधून गारपीट होत राहिली. विदर्भ व मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात तेव्हा काढणीला आलेली रब्बी पिके व फळबागा आडव्या झाल्या.