कोइद अ ब्रेनिन

कोइद अ ब्रेनिन हे वेल्सच्या वायव्य भागातील एक विस्तीर्ण वन असून तेथे याच नावाचे माउंटन बाइकिंगचे ट्रेल सेंटर आहे. ते ग्विनेद परगण्यात, एररी अर्थात स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण भागात, डोलगेल्लाय या गावाच्या उत्तरेस ए४७० महामार्गालगत वसलेले आहे. माउंटन बाइकसाठी मुद्दाम बांधलेल्या मार्गांचे ब्रिटनमधील पहिले केंद्र म्हणून ते ओळखले जाते. १९९० च्या दशकात येथे विकसित झालेली पद्धत पुढे वेल्स, स्कॉटलंड व इंग्लंडमधील अनेक वनांनी स्वीकारली.

ट्रेल सेंटर म्हणजे असे ठिकाण, की जेथून सायकलस्वारांसाठी बांधलेले, खांबांवरील खुणांनी दर्शवलेले आणि अवघडपणानुसार श्रेणी दिलेले मार्ग सुरू होतात व वळसा घेऊन तेथेच संपतात. वाहनतळ, उपाहारगृह, सायकलदुरुस्तीचे दुकान आणि सायकली भाड्याने देण्याची सोय ही अशा केंद्राची नेहमीची अंगे होत.

नाव

वेल्श भाषेत ‘कोइद’ म्हणजे वन आणि ‘ब्रेनिन’ म्हणजे राजा. त्यामुळे या नावाचा अर्थ ‘राजाचे वन’ असा होतो. पूर्वी हे वन वॉन घराण्याच्या नावाने ओळखले जाई. राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९३५ मध्ये साजरा झाला, त्याच्या स्मरणार्थ वनाला सध्याचे नाव देण्यात आले.

भूगोल व वनाचा इतिहास

माउदाख, एडेन, गाइन व वेन या नद्यांच्या खोऱ्यांत हे वन पसरले आहे. प्रदेश डोंगराळ व खडकाळ असून पर्जन्यमान भरपूर आहे. वनाच्या परिसरात पूर्वी तांबे व सोने यांच्या खाणी होत्या. त्यांपैकी ग्विनवनिद ही सोन्याची खाण प्रसिद्ध होती. तिच्याजवळच माउदाख व गाइन या नद्यांवरील धबधबे आहेत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनला लाकडाची तीव्र टंचाई जाणवली. त्यामुळे १९१९ मध्ये ‘फॉरेस्ट्री कमिशन’ हे सरकारी वनखाते स्थापन झाले. या खात्याने १९२२ पासून वॉन घराण्याच्या नन्नाय जहागिरीतील जमिनी घेऊन येथे डग्लस फर व इतर सूचिपर्णी वृक्षांची लागवड केली. लाकूड वाहून नेण्यासाठी वनात खडीचे रस्ते तयार झाले. पुढे सायकलींचे मार्ग आखताना या रस्त्यांचा मोठा उपयोग झाला.

पार्श्वभूमी

माउंटन बाइक हा सायकलप्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मॅरिन काउंटीत आकारास आला. तेथील तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारांवर चालवीत. १९७६ मध्ये सुरू झालेल्या एका उतारावरील शर्यतीला ‘रीपॅक’ असे नाव पडले. त्या उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९८० च्या दशकात कारखान्यांत बनलेल्या माउंटन बाइक बाजारात आल्या आणि हा छंद ब्रिटनमध्येही पसरला.

ब्रिटनमध्ये मात्र सायकली कोठे चालवाव्यात हा प्रश्न होता. इंग्लंड व वेल्समधील कायद्यानुसार पादचाऱ्यांसाठीच्या सार्वजनिक पायवाटांवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने सायकलस्वारांना घोडवाटांवर जाण्याची मुभा दिली. परंतु त्यांनी पादचारी व घोडेस्वार यांना वाट दिली पाहिजे अशी अट घातली. २००० च्या कायद्याने खुल्या माळरानांवर व डोंगरांवर हिंडण्याचा जो हक्क दिला, तोही केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूसुधारणा कायद्यामुळे सायकलस्वारांनाही जबाबदारीने मुक्त संचार करता येतो. वेल्समध्ये अशी मोकळीक नसल्यामुळे सरकारी मालकीच्या वनात परवानगीने बांधलेल्या मार्गांना विशेष महत्त्व प्राप्त झाले.

ट्रेल सेंटरचा उदय

१९९० च्या दशकात फॉरेस्ट्री कमिशनमध्ये काम करणारे दाविद डेव्हिस यांनी कोइद अ ब्रेनिनमध्ये सायकलींसाठी स्वतंत्र अरुंद वाटा बांधण्यास सुरुवात केली. तोपर्यंत वनांतील सायकलमार्ग म्हणजे बहुधा खडीच्या रुंद रस्त्यांवर लावलेल्या खुणा असत. डेव्हिस यांनी एका वेळी एकच सायकल जाऊ शकेल अशा, झाडांमधून वळत जाणाऱ्या वाटा आखल्या. अशा वाटेला ‘सिंगलट्रॅक’ म्हणतात. स्वयंसेवकांनीही या कामात भाग घेतला. सुरुवातीच्या मार्गांना काही कंपन्या व नियतकालिकांनी पुरस्कृत केले असल्याने त्यांची नावे त्या मार्गांना मिळाली. डेव्हिस यांना पुढे ‘एमबीई’ हा ब्रिटिश सन्मान देण्यात आला.

येथील यशानंतर वेल्समध्ये ग्विदिर, अवान, कुमकार्न व नान्त अर आरियान या ठिकाणी, तर दक्षिण स्कॉटलंडमध्ये ‘सेव्हन स्टेन्स’ या नावाने एकत्रित ओळखल्या जाणाऱ्या वनांत ट्रेल सेंटरे उभी राहिली. कोळसा व स्लेट यांच्या खाणी बंद पडल्याने रोजगार गमावलेल्या भागांत पर्यटनाद्वारे उत्पन्न आणणे, हा अशा प्रकल्पांमागील एक हेतू होता.

कोइद अ ब्रेनिनमध्ये २००६ मध्ये लाकडी बांधणीचे नवे अभ्यागत केंद्र सुरू झाले.

मार्गांची बांधणी

डोंगरातील सायकलवाटेचा मुख्य शत्रू पाणी होय. चाकांमुळे माती दबते, वाटेला पन्हळीसारखा खोलगट आकार येतो आणि पावसाचे पाणी त्यातून वाहू लागल्यावर माती वाहून जाते. त्यामुळे वाट सरळ उतारावरून न नेता डोंगराच्या कडेने, समोच्चरेषांना छेद देत हळूहळू चढवली किंवा उतरवली जाते. वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा, तसेच तो सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास राहावा, असे संकेत वाट बांधणाऱ्यांमध्ये रूढ आहेत. वाटेची बाहेरील कड किंचित खाली ठेवली जाते आणि ठराविक अंतरावर वाटेला उलटा चढ दिला जातो. त्यामुळे पाणी वाटेवर न साचता बाजूला निघून जाते.

कोइद अ ब्रेनिनचे वैशिष्ट्य म्हणजे दगडी पृष्ठभाग. स्थानिक दगड उभे रोवून व घट्ट बसवून वाट पक्की केली जाते. अशी वाट भर पावसातही चिखलमय होत नाही आणि वर्षभर वापरता येते. मात्र ती सायकलस्वाराला सतत हादरे देते, तसेच ओल्या दगडांवर चाक घसरण्याचा धोका असतो.

प्रमुख मार्ग

वनांतील मार्गांना स्कीइंगच्या धर्तीवर रंगांनुसार श्रेणी दिली जाते. हिरवा मार्ग सोपा, निळा मध्यम, तांबडा अवघड आणि काळा अत्यंत अवघड समजला जातो. येथील काही मार्ग पुढीलप्रमाणे आहेत:

अर आवोन – हिरवी श्रेणी. नदीकाठच्या वनरस्त्यांवरून जाणारा, कुटुंबांसाठी योग्य.
माइनरटॉर – निळी श्रेणी. नवशिक्यांसाठी बांधलेला, अपंग व्यक्तींसाठीच्या खास सायकलींनाही योग्य.
तेम्तिउर – तांबडी श्रेणी, सुमारे ९ किमी. नावाचा अर्थ ‘मोहात पाडणारा’.
कव्लिम कोख – तांबडी श्रेणी, सुमारे ११ किमी. नावाचा अर्थ ‘वेगवान तांबडा’.
ड्रॅगन्स बॅक – तांबडी श्रेणी, सुमारे ३१ किमी.
तारू दी – काळी श्रेणी, सुमारे २० किमी. नावाचा अर्थ ‘काळा बैल’. आरंभीच्या ‘रेड बुल’ मार्गाचा हा वारसदार होय.
बीस्ट ऑफ ब्रेनिन – काळी श्रेणी, सुमारे ३८ किमी. येथील सर्वांत लांब मार्गांपैकी एक.

श्रेणी ठरवताना केवळ लांबी नव्हे, तर चढ, वाटेची रुंदी, पृष्ठभाग आणि अडथळे यांचाही विचार होतो.

गटाने सायकल चालवणे

ट्रेल सेंटरला भेट देणारे बरेच सायकलस्वार मित्रांच्या किंवा कुटुंबाच्या गटाने येतात. सर्व मार्ग एकाच ठिकाणी सुरू होऊन तेथेच संपत असल्याने वेगवेगळ्या कौशल्याचे लोक आपापल्या मार्गांनी जाऊन पुन्हा एकत्र येऊ शकतात. संपूर्ण गट एकाच मार्गाने जाणार असल्यास गटातील सर्वांत कमी अनुभवी व्यक्तीला झेपेल अशी श्रेणी निवडली जाते.

सिंगलट्रॅकवर स्वार एकामागोमाग एक जातात. पुढील स्वार पडल्यास थांबता यावे म्हणून उतारावर पुरेसे अंतर ठेवले जाते. वाट जेथे वनरस्त्याला मिळते तेथे पुढे गेलेले स्वार वाटेच्या बाजूला थांबतात आणि शेवटचा स्वार आल्यावरच गट पुढे निघतो. अनुभवी स्वार सर्वांत मागे राहून पंप, जादा ट्यूब, चेन जोडण्याचे साधन व प्रथमोपचाराचे साहित्य बाळगतो. अनोळखी उडी किंवा पायरी आधी थांबून पाहणे आणि नको वाटल्यास सायकल हाताने उतरवणे, हा सर्वमान्य शिष्टाचार आहे. हेल्मेटचा वापर सार्वत्रिक आहे. खडकाळ मार्गांवर गुडघ्यांचे संरक्षकही वापरले जातात. दऱ्यांमध्ये मोबाइलचा संपर्क भरवशाचा नसल्याने अपघाताच्या वेळी मदत आणण्यास दुसरी व्यक्ती असणे महत्त्वाचे ठरते.

व्यवस्थापन व अभ्यागत केंद्राचा प्रश्न

१ एप्रिल २०१३ रोजी वेल्समधील वनखाते, पर्यावरण संस्था आणि ग्रामीण परिषद यांचे विलीनीकरण होऊन ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’ ही संस्था स्थापन झाली. तेव्हापासून या वनाचे व्यवस्थापन तिच्याकडे आहे. सायकलमार्गांच्या वापरासाठी शुल्क नाही. वाहनतळासाठी मात्र शुल्क आकारले जाते. मार्गांची देखभाल, वादळात पडलेली झाडे हटवणे आणि वृक्षतोडीच्या काळात मार्ग बंद ठेवणे किंवा वळवणे ही कामे सतत चालू असतात.

२०२४ मध्ये संस्थेने अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी आपल्या अभ्यागत केंद्रांमधील उपाहारगृहे व दुकाने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. स्थानिक रहिवासी व सायकलस्वार यांनी त्यास विरोध केला आणि वेल्सच्या ‘सेनेद’ या संसदेकडे याचिका सादर करण्यात आली. तरीही ३१ मार्च २०२५ रोजी कोइद अ ब्रेनिन, नान्त अर आरियान व अनिसलास येथील या सेवा थांबवण्यात आल्या. सायकलमार्ग, पायवाटा व वाहनतळ खुले ठेवण्यात आले. इमारती चालवण्यासाठी स्थानिक संस्था किंवा व्यावसायिक भागीदार शोधण्याचा मार्ग व्यवस्थापनाने स्वीकारला.

या निर्णयामुळे ट्रेल सेंटरच्या आर्थिक रचनेविषयी चर्चा सुरू झाली. मार्ग विनाशुल्क असल्याने त्यांच्यापासून थेट उत्पन्न मिळत नाही. ते वाहनतळ, उपाहारगृह आणि परिसरातील निवासव्यवस्था यांच्याकडे जाते. विरोधकांच्या मते, केंद्राचा लाभ केवळ त्याच्या हिशेबातील नफ्यातोट्यावरून नव्हे, तर परिसरातील एकूण रोजगारावरून मोजला पाहिजे. व्यवस्थापनाच्या मते, मर्यादित निधी निसर्गसंरक्षण व पूरनियंत्रण यांसारख्या वैधानिक कर्तव्यांवर खर्च होणे आवश्यक आहे.

हे सुद्धा पहा

माउंटन बाइक
स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यान
वेल्स
सायकल